स्थिर वजन

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला आठवड्याचे वार निराळ्या रीतीने कळतात. इतरांचा सोमवार हा केवळ सोमवार असतो. त्याचा सोमवार सेंद्रिय रसायनाचा असतो, मंगळवार भौतिक रसायनाचा आणि बुधवार असेंद्रिय रसायनाचा. सकाळी व्याख्याने, दुपारी प्रात्यक्षिके आणि रात्री जर्नल, अशी त्याच्या दिवसाची तीन प्रहरांत वाटणी झालेली असते. एखादे व्याख्यान चुकले तर मैत्रिणीची वही मागून आणता येते. प्रात्यक्षिक चुकले तर ते कोणाकडून मागून आणता येत नाही. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले नाही आणि स्वतःच्या हातांनी मोजले नाही, ते आपले नव्हे, हा या शाखेचा पहिला धडा होय. हा धडा पुस्तकाच्या पहिल्याच पानावर असतो, आणि म्हणूनच की काय, तो सर्वांत शेवटी कळतो.

आम्हांला तो मार्च १९९४ मधल्या एका आठवड्यात कळला. आम्ही म्हणजे तिघी. पदवीच्या शेवटच्या वर्षाला रसायनशास्त्र घेऊन, वसईहून रोज लोकलने मुंबईच्या उपनगरातील एका महाविद्यालयात जाणाऱ्या. वर्गात आमच्या भागातील मुली बऱ्याच आणि आडनावे मात्र मोजकीच. त्यामुळे हजेरी सोडली तर आम्हांला गावांवरूनच हाका मारल्या जात. एक गासकर, एक पापडीकर आणि एक निर्मळकर. लेखणी आज आमच्यापैकी एकीच्या हातात आहे, पण तो आठवडा तिघींचा होता. म्हणून तो 'आम्ही' याच शब्दात सांगणे योग्य.

त्या आठवड्याच्या अखेरीस दोन गोष्टी आमच्यापुढे उभ्या होत्या. शुक्रवारी आमच्या पहिल्या तुकडीची प्रात्यक्षिकाची पूर्वपरीक्षा होती आणि शनिवारी जर्नल प्रमाणित करून घ्यावयाचे होते. जर्नलवर विभागप्रमुखांची सही झाल्याशिवाय विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नसे. वर्षभरातील प्रत्येक प्रयोग, त्याची निरीक्षणे, त्याचे आलेख, सारे त्या जाड वहीत उतरलेले असले पाहिजे. मार्च महिन्यात रसायनशास्त्राचा विद्यार्थी ओळखायचा असेल तर त्याची बोटे पाहावीत, असे आम्ही म्हणत असू. एका बाजूला शाई आणि दुसऱ्या बाजूला सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग.

सोमवारी सकाळी निर्मळकर व्याख्यानांना आली नाही. साडेअकराला प्रयोगशाळा सुरू झाली तरी तिचे टेबल रिकामेच होते. पाऊण तासाने ती आली, तेव्हा तिच्या अंगाला मोगऱ्याचा वास येत होता आणि खांद्यावर टोपलीच्या चुंबळीचा ओला डाग होता. सरांनी घड्याळाकडे पाहिले, पण काही विचारले नाही. त्या दिवशी दोन घन पदार्थांचे मिश्रण वेगळे करावयाचे होते. सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मिश्रण टाकले की त्यातील आम्ल फसफसून विरघळते आणि उदासीन पदार्थ तळाशी राहतो. गाळून घेतलेल्या द्रावणात पुन्हा हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की विरघळलेले आम्ल पांढऱ्या सुयांसारखे परत येते. बेंझॉइक आम्ल असेल तर ते १२२ अंश सेल्सिअसला वितळते. निर्मळकरने सारे काही केले, पण वितळणबिंदू पाहताना तिचे डोळे मिटत होते.

उपाहारगृहात तिने सांगितले. तिची आई रविवारी विहिरीच्या पायरीवरून घसरली होती. घोट्याचे हाड मोडले होते, सहा आठवडे प्लास्टर. घरची वाडी मोगऱ्याची आणि भाजीची. वडील आणि दोघे धाकटे भाऊ पाणी शिंपायला व कळ्या खुडायला होते. पण दादरच्या फुलबाजारात टोपली घेऊन जाणारी एकटी आईच. वसईच्या किती घरांतील मुलांची शिक्षणे अशा टोपल्यांवर झाली, हे येथील वाचकांना आम्ही वेगळे सांगावयास नको. पहाटेच्या गाडीने, अंधार असतानाच, चुंबळीवर टोपली ठेवून निघालेल्या त्या बायांनी वसईला मुंबईशी जोडले. रूळ त्यांच्यासाठी नंतर उपयोगी पडले, असेच म्हटले पाहिजे.

"तुझी आई बरी होईपर्यंत माल दुसऱ्या कोणाकडे पाठवता येणार नाही काय?" आम्ही विचारले.

"माल पाठवता येईल," ती म्हणाली, "पण जागा पाठवता येत नाही."

तिचे म्हणणे खरे होते. बाजारात बसायची जागा कागदावर लिहिलेली नसते. ती रोज बसण्याने आपली होते आणि चार दिवस न बसण्याने दुसऱ्याची होते. ठरलेले हारवाले ठरलेल्या वेळी येतात. माल दिसला नाही तर पुढच्या टोपलीकडे वळतात, आणि वळलेले गिऱ्हाईक परत येईलच असे नाही. एप्रिलपासून मोगऱ्याचा भर सुरू होतो. तेव्हाच्या चार महिन्यांच्या पैशांवर त्या घराचे वर्ष चालत असे, आणि महाविद्यालयाचे शुल्कही त्यातूनच भरले जाई. म्हणून तिने मनाशी ठरवून टाकले होते. परीक्षा पुढच्या वर्षीही देता येईल. जागा पुढच्या वर्षी मिळणार नाही.

मंगळवारीही तीच बाजारात गेली. त्या दिवशी भौतिक रसायनाचा प्रयोग होता. मिथाइल ॲसिटेटचे आम्लाच्या सान्निध्यात होणारे जलविघटन. ठराविक मिनिटांनी बाटलीतील थोडे द्रावण पिपेटने काढून बर्फाच्या पाण्यात सोडायचे, म्हणजे क्रिया तेथेच मंदावते, आणि लगेच अल्कलीने अनुमापन करावयाचे. पाच मिनिटे, दहा मिनिटे, वीस मिनिटे. या प्रयोगात घड्याळ हेच खरे उपकरण. शेवटचे वाचन मात्र क्रिया पूर्ण झाल्यावर, दुसऱ्या दिवशी घ्यायचे असते. त्याला अनंतकाळचे वाचन म्हणतात. त्यावर विद्यार्थ्यांचे विनोद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. दोन वाचनांच्या मधल्या वेळात निर्मळकर स्टुलावर बसल्याबसल्या झोपी जाई आणि आम्ही वेळ झाली की तिच्या कोपराला स्पर्श करीत असू.

परतीच्या गाडीत आम्ही हिशेब मांडला. बोरिवलीच्या पुढे तेव्हा दोनच रूळमार्ग होते. उपनगरी आणि लांबच्या गाड्या त्यांवरूनच धावत. चौपदरीकरण पुढे नव्या शतकात पूर्ण झाले. त्यामुळे गाडी खाडीच्या पुलाअलीकडे थांबून राहणे नित्याचे होते आणि तिघींनी विचार करायला तेवढा वेळ पुरेसा होता. पापडीकर दुसऱ्या तुकडीत होती. तिची पूर्वपरीक्षा पुढील सोमवारी होती. गासकरचे बुधवारचे पहिले व्याख्यान उशिरा होते. गुरुवारी, १० मार्चला, महाशिवरात्रीची सुट्टी होती. म्हणजे बुधवारी गासकर, गुरुवारी तिघी, शुक्रवारी पापडीकर आणि शनिवारी निर्मळकर स्वतः. जी बाजारात जाईल तिच्या व्याख्यानांच्या नोंदी उरलेल्या दोघींपैकी एकीने कार्बन पेपर घालून उतरायच्या. निर्मळकर आधी नको म्हणाली. मग खिडकीबाहेर पाहत राहिली. मग हो म्हणाली.

बुधवारी पहाटे गासकर सामानाच्या डब्यात टोपलीशेजारी उभी होती. आमच्या आज्यांनी या डब्यांतून आयुष्ये काढली होती. आम्ही मात्र पुस्तके छातीशी धरून बायकांच्या डब्यात चढणारी पिढी. दादरला एका हारवाल्याने टोपलीतील वरच्या कळ्या न पाहता सरळ तळाशी हात घातला, मूठभर कळ्या काढून पाहिल्या आणि मान हलवली. "मावशींचाच माल आहे," तो म्हणाला. नंतर कळले, की तळाशी कालच्या कळ्या आणि वर आजच्या, अशी टोपली भरण्याची युक्ती बाजारात सर्वांना ठाऊक असते. निर्मळकरच्या आईने ती वीस वर्षांत कधी केली नव्हती. उरलेल्या कळ्या ती घरी आणी आणि गजरे करून आळीत वाटून टाकी. आठ वाजता टोपली रिकामी झाली आणि गासकर वेळेत प्रयोगशाळेत पोहोचली.

त्याच दिवशी निकेलचे भारमापन होते. ज्यांनी हा प्रयोग केला आहे ते त्याचा रंग विसरत नाहीत. निकेलच्या फिकट हिरव्या, कोमट द्रावणात डायमिथाइल ग्लायॉक्सिमचे द्रावण घालायचे आणि मग विरल अमोनिया थेंबाथेंबाने सोडायचा. पाहता पाहता सारे चंचुपात्र गुलाबी-तांबड्या अवक्षेपाने भरून जाते. ही क्रिया रशियन रसायनशास्त्रज्ञ चुगाएव यांनी १९०५ साली दाखवून दिली. अवक्षेप गाळायचा, धुवायचा, ११० ते १२० अंशांवर वाळवायचा आणि वजन करायचे. त्या वजनाला ०.२०३२ ने गुणले की निकेल किती ते कळते. कृती एवढीच. खरी कसोटी वजनात असते. मूस भट्टीतून काढून शुष्ककपाटात थंड करायची, वजन करायचे, पुन्हा तापवायची, पुन्हा थंड करायची, पुन्हा वजन करायचे. लागोपाठची दोन वजने जुळेपर्यंत थांबायचे नाही. याला स्थिर वजन म्हणतात.

गुरुवारी शिवरात्रीचा बाजार होता. पांढऱ्या फुलांना आणि बेलाला त्या दिवशी मागणी फार. आमच्या वाडीतील मोगरा कोणकोणत्या देवळांत पोहोचला असेल, याची कल्पना करीत आम्ही तिघी सात वाजताच मोकळ्या झालो. दुपारी निर्मळला तिच्या घरी जर्नले पसरून बसलो. आई खाटेवर पाय उंच करून पडली होती. आलेख काढणे, आकृत्या पुऱ्या करणे, निरीक्षणांच्या कोष्टकांना रेघा मारणे, असे काम चालले असताना तिने विचारले, "पोरींनो, त्या तराजूत तुम्ही किती बारीक वजन करता?"

ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागापर्यंत, आम्ही सांगितले.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इतकं बारीक मोजायचं म्हणजे माणसाला लपायला जागाच नाही."

आम्ही हसलो. ते वाक्य दुसऱ्या दिवशी आठवेल, असे तेव्हा वाटले नव्हते.

शुक्रवारी पहाटे ठरल्याप्रमाणे पापडीकर दादरला गेली आणि उरलेल्या दोघी पूर्वपरीक्षेला बसल्या. प्रश्नपत्रिकेत निकेलच आले. दुपारपर्यंत प्रयोगशाळेत एक आकडा टेबलांवरून फिरू लागला. अशा आकड्याला जन्मदाता नसतो. कोणीतरी कोठूनतरी ऐकलेले असते, की बाटलीत ४७ मिलिग्रॅम निकेल आहे. मग गणित उलटे सुरू होते. ४७ मिलिग्रॅम यायला अवक्षेप किती हवा, ते आधी काढायचे आणि तेवढेच वजन निरीक्षणांच्या कोष्टकात लिहायचे. कागदावर असे निरीक्षण खऱ्या निरीक्षणापेक्षा अधिक देखणे दिसते.

निर्मळकरची मूस तासभर वाळून, थंड होऊन तराजूवर आली. अवक्षेपाचे वजन भरले ०.२३११ ग्रॅम. तिने गुणाकार केला. ४७.० मिलिग्रॅम. फिरत असलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळणारे. चार वाजत आले होते. सोमवारपासून तिची पुरी झोप झाली नव्हती. शेजारच्या टेबलावरील मुलीने तिचा आकडा पाहून पाठीवर थाप मारली आणि स्वतःची उपकरणे धुवायला घेतली.

निर्मळकरने मूस चिमट्यात धरली आणि पुन्हा भट्टीत ठेवली.

अर्ध्या तासाने, पुन्हा थंड केल्यावर, वजन आले ०.२२७१. म्हणजे पहिल्या वजनात पाणी होते. आता उत्तर त्या आकड्यापासून दूर गेले. तिने मूस पुन्हा तापवली. ०.२२६५. आणखी एकदा. ०.२२६४. प्रयोगशाळेत आम्ही दोघी आणि प्रयोगशाळेचे परिचर एवढेच उरलो होतो. तिने चारही वजने शाईने, एकाखाली एक, जशी आली तशी लिहिली आणि उत्तर लिहिले, ४६.० मिलिग्रॅम. परिचरांनी दिवे मालवेपर्यंत सहा वाजून गेले होते.

गाडीत आम्ही तिला विचारले, की पहिल्याच वजनावर का थांबली नाहीस? ती सरळपणे म्हणाली, "वरच्या कळ्या दाखवून काय करू?"

शनिवारी ती स्वतः दादरला गेली. तो हारवाला तिची वाट पाहत उभा होता. आठवडाभर जागेवर रोज नवा चेहरा पाहून त्याने शेजारच्या टोपलीवाल्यांना सांगून ठेवले होते, की ही जागा मावशींची आहे, पोरी येतील. "ताई, आईचा पाय कसा आहे?" एवढेच त्याने विचारले आणि टोपली उचलली. वीस वर्षे तळाशी ताज्या कळ्या ठेवल्याचे फळ असे एका वाक्यात मिळते. आम्ही तीन चेहरे त्या जागेवर बसलो खरे. जागा मात्र राखली ती तिच्या आईच्या त्या सवयीनेच, हे आमच्या तेव्हा ध्यानात आले.

दुपारी विभागप्रमुखांसमोर जर्नले ठेवली. सर पाने उलटीत होते. सही करीत होते. पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका शेजारीच होत्या. निर्मळकरची उत्तरपत्रिका त्यांनी काढली. बाटलीतील निकेल खरोखरच ४७ मिलिग्रॅमच्या अगदी जवळ होते. तिचे उत्तर शेकडा दोनने कमी आले होते, आणि त्याबद्दल तिचे गुण कापले गेले होते. ज्यांनी फिरता आकडा लिहिला होता, त्यांचे गुण शाबूत होते. न्याय झाला असे म्हणण्यासारखे येथे काही नव्हते. सरांनी चार वजनांच्या त्या कोष्टकावर बोट ठेवले आणि म्हणाले, "गाळताना थोडा अवक्षेप चंचुपात्राला चिकटून राहिला असेल. पुढच्या वेळी काच नीट धुवा." मग थोडे थांबून म्हणाले, "चूक शोधता येते ती अशाच वहीत." आणि त्यांनी जर्नलवर सही केली.

वर्गात त्या वाक्याची कोणी दखल घेतली नाही. आमच्या मनात मात्र ते राहिले. उलट्या गणिताने लिहिलेल्या वहीत चूक सापडत नाही, कारण तेथे काही घडलेलेच नसते. जे घडले ते जसेच्या तसे लिहिले, तरच उद्या कोणी त्यातील दोष दाखवू शकतो आणि परवा तो दुरुस्त होऊ शकतो. विज्ञानाची सारी प्रगती अशा कमी भरलेल्या वजनांवर उभी आहे. व्होगेल यांचा परिमाणात्मक विश्लेषणावरील प्रसिद्ध ग्रंथ प्रथम १९३९ साली निघाला. त्यात कृतींच्या बरोबरीने दोषांची कारणेही सांगितली आहेत. कोणीतरी, केव्हातरी, आपले कमी आलेले वजन प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते, म्हणूनच ती कारणे सांगता आली.

रविवारी आम्ही काही केले नाही, एवढेच सांगण्यासारखे आहे. उपवासकाळातील रविवार होता. मिस्सेनंतर तिघी निर्मळच्या तलावाच्या काठी बसलो आणि रसायनशास्त्राचा एक शब्दही बोललो नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. आईचे प्लास्टर निघेपर्यंत पाळ्या तशाच चालू राहिल्या. त्यांत पुढे तिची मावसबहीणही आली. एप्रिलमध्ये तिघींनी परीक्षा दिल्या आणि तिघी उत्तीर्ण झालो. निर्मळकरची प्रथम श्रेणी थोडक्यात हुकली. पहाटे जागून काढलेल्या त्या सहा आठवड्यांची ती किंमत होती आणि तिने ती मोजली. नंतर एका औषधनिर्मितीच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती लागली. औषधाच्या प्रत्येक घाणीवर तेथे कोणाची तरी सही लागते, आणि त्या सहीवर अनोळखी माणसे गोळी जिभेवर ठेवतात. तेथे तिने अनेक वर्षे काम केले.

आज तराजू विजेवर चालतात. मूस ठेवली की क्षणात आकडा उमटतो. रायडर सरकवणे आणि काट्याची दोलने मोजणे आता कोणाला करावे लागत नाही. नोंदी कार्बन पेपरने नव्हे, तर मोबाइलवर छायाचित्र काढून घेतल्या जातात. वसईत वाड्यांच्या जागी इमारती आल्या, २००९ मध्ये महानगरपालिका आली, आणि मोगऱ्याच्या टोपल्या घेऊन पहाटे निघणाऱ्या बाया विरळ झाल्या. विज्ञानाच्या विद्यार्थ्याचा आठवडा मात्र तसाच भरगच्च आहे. त्यात व्याख्याने आहेत, प्रात्यक्षिके आहेत, शिकवण्या आहेत, प्रवेशपरीक्षा आहेत, आणि कित्येकांच्या घरी एखादी टोपलीही आहे. तिला आता दुसरे नाव असेल. टेबलांवरून फिरणारा आकडाही आहेच. तो आता अधिक वेगाने फिरतो, एवढाच फरक.

आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी संध्याकाळी उशिरा, थकून, कमी गुण घेऊन परतली, तर रागावण्यापूर्वी तिची वही एकदा उघडून पाहावी, एवढी विनंती आम्ही वाचकांना करतो. कोष्टकात एकाच वजनाऐवजी चार वजने लिहिलेली दिसली, आणि ती उतरत्या क्रमाने येत शेवटी जुळलेली दिसली, तर तिला आधी गरम जेवायला वाढावे. गुणांचे मग पाहता येईल.